रमण्याची दक्षिणा, विश्रामबागेंतील पाठशाळा आणि अपुऱ्या पोथ्या

जुन्या पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींचें लक्ष सामान्यतः पूर्ण ग्रंथाकडे असतें. आरंभीं मंगलाचरण, अखेरीस पुष्पिका, शक, संवत्सर, लेखकाचें नांव, हें सर्व असलेली पोथी हातीं आली म्हणजे श्रम सफळ झाल्यासारखें वाटतें. आणि जिचीं पानें मध्येंच थांबलीं ती 'अपूर्ण' या एका शब्दानें यादींत नोंदून बाजूस ठेविली जाते. प्रस्तुत लेखांत आम्हांस या दुसऱ्या वर्गाची बाजू मांडावयाची आहे. पूर्ण पोथीवरून ग्रंथकार काय म्हणाला हें कळतें. अपुऱ्या पोथीवरून विद्यार्थी कोठें थांबला हें कळतें. महाराष्ट्रांत व महाराष्ट्राबाहेर ज्यांनीं ज्यांनीं विद्यालयांची घडी मोडून नवी बसविली, त्या सर्वांपुढें मुख्य प्रश्न हाच होता कीं, शिकावयास आलेला मुलगा मध्येंच कां थांबतो.

अपुऱ्या पोथींत दोन जाती आहेत, व त्या एक समजल्यानें घोटाळा होतो. एक खंडित, म्हणजे मूळ पोथी पुरी लिहिलेली होती, पुढें पानें गहाळ झालीं, वाळवीनें खाल्लीं, वांटणींत दोन भावांकडे गेलीं. अशा पोथीचें शेवटचें पान भरलेलें असतें, आणि वाक्य पुढच्या पानावर जाण्याच्या बेतांत तुटतें. दुसरी जात लेखन थांबलेली. तिचें शेवटचें पान अर्धें कोरें असतें. क्वचित् एक ओळ लिहून पुढील ओळीसाठीं आंखणी केलेली तशीच राहिलेली असते. हरताळानें पुसून दुरुस्त केलेलीं अक्षरें, समासांतील बारीक टीपा, मधूनमधून पाठाचा दिवस दाखविणाऱ्या खुणा, यांवरून ती विद्यार्थ्यानें स्वतःसाठीं लिहिली हें ओळखतां येतें. धंदेवाईक लेखकाचें अक्षर सारखें असतें. विद्यार्थ्याचें अक्षर पहिल्या पानावर सुरेख, दहाव्या पानावर घाईचें आणि शेवटीं कंटाळलेलें दिसतें.

जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, म्हणजे अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांत, गोदावरीच्या कांठानें ज्या जुन्या घरांतून आम्हांस पोथ्या पाहावयास मिळाल्या, त्यांत ही दुसरी जात विपुल आहे. रूपावली व समासचक्र यांच्या प्रती घरोघर. अमरकोशाचें पहिलें कांड बहुतेक ठिकाणीं, दुसरें त्याहून कमी, तिसरें विरळा. रघुवंशाचे पहिले दोन सर्ग हळदीकुंकवाचे डाग पडलेले, पानें मऊ पडलेलीं. त्यापुढचे सर्ग असलेच तर दुसऱ्या हातचे. सिद्धांतकौमुदीची स्थिति सर्वांत बोलकी. पंचसंधि संपेपर्यंत लिहिलेल्या प्रती पुष्कळ, षड्लिंग पुरें केलेल्या थोड्या, आणि तिङन्तांत शिरलेल्या बोटांवर मोजण्याजोग्या. ज्यांनीं कौमुदी गुरुमुखानें केली आहे त्यांस हें वाचून आश्चर्य वाटणार नाहीं. पंचसंधीचा घाट चढून मुलगा दम घेतो, आणि समोर सुबन्ताचा डोंगर दिसतो.

यावरून जुनी पद्धति वाईट होती असा निष्कर्ष काढण्याची घाई करूं नये. जो मुलगा रूपावली, अमर आणि दोन सर्ग एवढ्यावर थांबला, तो गांवीं परत येऊन पंचांग सांगे, मुहूर्त काढी, पुराण वाची, लग्न लावी. थोडें जास्त शिकलेला पुराणिक होई. धर्मशास्त्राची ओळख झालेला प्रायश्चित्ताचा निर्णय देई. पायरीपायरीवर उतरावयास जागा होती व प्रत्येक पायरीस गांवांत कांहीं काम होतें. शेवटची पायरी गांठणारे थोडे, आणि ते बहुधा काशीस जात. निर्णयसिंधूचा कर्ता कमलाकरभट्ट ज्या भट्ट घराण्यांतला, तें घराणें मूळचें पैठणचें. त्याचे पूर्वज गोदातीर सोडून काशीस गेले व तेथें विद्येचें पीठ झाले. मधल्या मंडळींचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत, पण त्यांच्या अर्ध्या पोथ्या आपल्या माळ्यांवर आहेत. एवढें मात्र खरें कीं, ही सोय जातीनें बांधलेली होती. ज्यांस पहिल्या पायरीवरच पाय ठेवूं दिला नाहीं, त्यांची अपुरी पोथीसुद्धां कोठें सांपडत नाहीं, आणि कोणत्याही यादींत त्या रिकाम्या जागेची नोंद होत नाहीं.

या विद्येस राजाश्रय मिळे त्यांत पुण्याची दक्षिणा प्रमुख. सेनापति दाभाडे यांच्या तळेगांवीं चालणारा हा दानधर्म, त्रिंबकराव दाभाडे १७३१ सालीं डभईच्या लढाईंत पडल्यावर, पहिल्या बाजीरावानें पुण्यास चालू ठेविला. श्रावणमासीं पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत देशोदेशींचे ब्राह्मण जमत. सामान्य भिक्षुकास थोडी रक्कम. वैदिक व शास्त्री यांची परीक्षा होऊन त्यांस योग्यतेप्रमाणें अधिक. रमणा म्हटला कीं लोकांच्या डोळ्यांपुढें गर्दी आणि उधळपट्टी येते, पण त्या गर्दीच्या पोटांत परीक्षा होती ही गोष्ट विसरतां कामा नये. ही परीक्षा मात्र विचित्र होती. तींत कोणी नापास होत नसे. फक्त कमी दक्षिणा मिळे. आणि शिकविणारा एकीकडे, परीक्षा घेणारा दुसरीकडे, पैसा देणारा तिसरीकडे, असे तिघे वेगळे असल्यामुळें मुलगा कोठें अडला याची चौकशी करण्याचें काम तिघांपैकीं कोणाचेंच नव्हतें.

पेशवाई जाण्याच्या आधींच आमच्या प्रांताची वाट निराळी झाली. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईची लढाई झाली, ती असई सांप्रतच्या जालना जिल्ह्यांत आहे. त्याच वर्षींच्या ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगांवच्या तहानें शिंद्यांनीं अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील मुलूख सोडला; त्या कलमांत जालनापूरचा किल्ला व परगणा नांवानिशीं आहे. पुढच्या वर्षीं तो निजामाच्या वांट्यास गेला. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें पुण्यास जें जें घडलें त्यापासून गोदेच्या या कांठाचा विद्यार्थी एका रेषेनें तोडला गेला तो येथें.

इ. स. १८१८ नंतर दक्षिणेचें काय करावें हा प्रश्न एल्फिन्स्टनपुढें आला. ती एकदम बंद केली तर पुण्यांतील ब्राह्मणवर्ग बिथरेल, आणि जशीच्या तशी चालू ठेविली तर पैशाचा कांहीं उपयोग नाहीं, असा पेंच होता. त्यानें रक्कम पन्नास हजारांवर आणली. नंतर त्याच्या जागीं आलेल्या चॅप्लिनच्या कारकीर्दींत, ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं, या दक्षिणेच्या कांहीं भागांतून विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. राघवाचार्य रामानुज हे तिचे मुख्य शास्त्री. वेद, व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, ज्योतिष, अलंकार, वैद्यक यांचे निरनिराळे शास्त्री नेमले, व विद्यार्थ्यांस सरकारांतून वेतन मिळूं लागलें.

वरवर पाहतां यांत नवें कांहींच नाहीं. जुनीच शास्त्रें, जुनेच ग्रंथ, जुनीच पाठांतराची रीत. परंतु आमच्या मतें घराच्या ओसरीवरून वाड्याच्या दिवाणखान्यांत येतांना एक मोठी उलथापालथ होऊन गेली, आणि ती त्या वेळीं कोणाच्या ध्यानीं आलेली दिसत नाहीं. ओसरीवर गुरु एक व शिष्य पांचसात. कोणता मुलगा कोठें अडला हें गुरूस पाटीवर न लिहितां ठाऊक असे. पाठशाळेंत शास्त्रागणिक वर्ग झाले, हजेरी आली, वेतन आलें. वेतन हजर राहण्याबद्दल मिळे, पुढें जाण्याबद्दल नव्हे. मग पंचसंधीवर वर्षानुवर्षें बसून राहण्यांत तोटा कोणाचाच नव्हता. गांवांत जी उतरण्याची पायरी होती ती येथें राहिली नाहीं, आणि चढण्याची घाईही राहिली नाहीं. पहिल्या पंधरा वर्षांत पाठशाळेविषयीं सरकारदरबारीं जी नाराजी वाढत गेली व ती मोडून टाकावी अशी जी भाषा निघाली, तिचें मूळ आम्हांस शास्त्रांच्या निरुपयोगांत नव्हे तर या वेतनाच्या रचनेंत दिसतें. कित्येक टीकाकारांनीं मात्र दोष सगळा पाणिनीच्या माथीं मारिला.

१८३७ सालीं मेजर टॉमस कँडी यांच्याकडे पाठशाळेची देखरेख आली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामामुळें कँडीसाहेबांस मराठीचें मर्म चांगलें ठाऊक होतें. त्यांचा स्वतःचा इंग्रजी-मराठी कोश पुढें १८४७ सालीं निघाला. त्या वर्षींच्या फेरबदलांत शास्त्रांच्या कांहीं शाखा बंद झाल्या, मराठी व इंग्रजी यांचा अभ्यास सुरू झाला, आणि पाठशाळा सर्व वर्णांस खुली झाली. यांतील शेवटलें कलम कागदावर जितकें सोपें तितकें वाड्याच्या दिंडींत कठीण. खुली केली म्हणजे मुलें आलीं असें होत नाहीं. ज्याच्या घरीं रूपावली नाहीं, ज्यास पुण्यांत राहावयास जागा नाहीं, त्यास उघडें दार आणि बंद दार यांत फार फरक पडत नाहीं.

येथें थोडें विषयांतर करून कलकत्त्याकडे वळणें इष्ट आहे, कारण तेथील गोष्टीचा एक धागा आमच्याच प्रांतांत येऊन पोहोंचतो. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजांत (स्थापना १८२४) व्याकरणासाठीं बोपदेवाचा मुग्धबोध लावीत. बोपदेव हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्या आश्रयाचा पंडित. म्हणजे जालन्यापासून पन्नास मैलांच्या आंत रचलेला ग्रंथ पांचशें वर्षांनंतर बंगालच्या मुलांस छळीत होता! ज्या ग्रंथानें मुग्धांस बोध करावयाचा त्यावर चारपांच वर्षें घालवूनही बोध होत नाहीं, ही तक्रार ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं केली, आणि तिला वजन होतें. कारण १८२९ पासून १८४१ पर्यंत बारा वर्षें ते स्वतः त्याच कॉलेजांत शिकले होते. १८५१ सालीं ते तेथील मुख्य झाले. त्यांनीं मुग्धबोध बाजूस ठेवून बंगालींतून संस्कृत व्याकरण शिकविणारी 'उपक्रमणिका' लिहिली, नंतर 'व्याकरण-कौमुदी'चे भाग काढले. प्रतिपदा-अष्टमीची सुटी बंद करून रविवारची केली. प्रथम कायस्थांस व कांहीं वर्षांनीं इतर हिंदूंस प्रवेश दिला. आणि फुकट शिक्षणाच्या जागीं अल्प फी बसविली, जेणेंकरून आलेला मुलगा टिकून राहील. फीच्या या शेवटच्या युक्तीविषयीं दुमत संभवतें. पण सगळ्या बदलांचा रोख एकच दिसतो. विद्यार्थी कोणत्या पानावर थांबतो हें पाहून त्या पानावर त्यांनीं काम केलें. शास्त्रें कमी केलीं नाहींत, शास्त्रांची पहिली पायरी बुटकी केली.

पुण्यांत असा आंतला मनुष्य योग्य वेळीं मुख्य जागेवर आला नाहीं. आले ते दुसऱ्या फळींत. कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४-१८७८) हे पाठशाळेचेच विद्यार्थी, मोरशास्त्री साठे यांच्या हाताखालीं तयार झालेले. शास्त्रें पुरीं झाल्यावर मोठेपणीं ते इंग्रजी शिकले, आणि पुढें शिक्षक तयार करण्याच्या कामांत व 'मराठी शाळापत्रक' चालविण्यांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. त्यांचें मराठी व्याकरणावरील लेखन ज्यांनीं वाचलें आहे त्यांस दिसेल कीं, हा मनुष्य कौमुदीच्या घाटांतून स्वतः गेला आहे, आणि मुलांस तोच घाट दुसऱ्या वाटेनें कसा उतरवावा याचा विचार करीत आहे.

दक्षिणेच्या पैशावरून पुण्यांत जो वाद माजला तो याच सुमाराचा. १८४९ सालीं सुधारक तरुणांनीं सरकारास अर्ज केला कीं, या पैशाचा कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस, मग ते कोणत्याही जातीचे असोत, द्यावा. 'प्रभाकर' पत्रांत लोकहितवादींचीं पत्रें त्या वेळीं येतच होतीं. जुन्या मंडळींचा संताप अनावर झाला. अर्ज करणारांस मारहाणीचें भय निर्माण झालें, तेव्हां जोतीराव फुले आपले लोक घेऊन त्यांच्या पाठीशीं उभे राहिले, असें फुल्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली व मराठी ग्रंथांस बक्षिसें मिळूं लागलीं. जुन्या मंडळींचा पक्षही नीट समजून घेतला पाहिजे. त्यांच्या दृष्टीनें दक्षिणा ही देणगी नसून धर्मानें लावून दिलेली वृत्ति होती, आणि तिच्यावर म्हातारपणीं विसंबलेल्या वैदिकास मराठी पुस्तक लिहून बक्षीस मिळव म्हणणें ही थट्टा होती. परंतु पैसा लोकांच्या सारावसुलींतून येतो, आणि ज्या कुणब्याच्या सारापट्टींतून तो आला त्याच्या मुलास त्यांतील एक रुपयाही लागूं नये, या गोष्टीस उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें.

७ जून १८५१ रोजीं पाठशाळा व इंग्रजी शाळा यांचें मिळून 'पूना कॉलेज' झालें. येथून पुढचा इतिहास अनेकांनीं लिहिला आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. कॉलेज विश्रामबागेंतून हललें. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीचें साहाय्य होऊन येरवड्याजवळ नवी इमारत उठली व १८६८ पासून तेथें डेक्कन कॉलेज नांदूं लागलें. दक्षिणेच्या शिलकी पैशांतून 'दक्षिणा फेलो' नेमूं लागले. रानडे आणि भांडारकर, १८६२ सालीं बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांपैकीं दोघे, या फेलोशिपचे मानकरी, मागाहून आगरकरही. रमण्यांत श्रावणांत वांटला जाणारा पैसा आगरकरांच्या हातीं पडला, हा कालाचा विनोद ध्यानीं घेण्याजोगा आहे.

विद्यापीठानें दोन गोष्टी आणल्या. एक चांगली पायरी आणली आणि एक पायरी काढून घेतली. चांगली पायरी म्हणजे भांडारकरांची 'मार्गोपदेशिका' व तिच्या पाठोपाठचें 'दुसरें पुस्तक'. आमच्या पिढीपर्यंत संस्कृताच्या पहिल्या धड्यासाठीं हींच पुस्तकें हातांत येत. विद्यासागरांनीं बंगालींत केलें तें काम येथें इंग्रजींतून झालें, एवढा फरक; पण रीत तीच. सूत्रें पाठ करून वर्षांनीं अर्थ कळण्याऐवजीं, आज शिकलेल्या चार रूपांनीं आजच दोन वाक्यें लावतां येतात. आणि हें करीत असतां जुने शास्त्री टाकून दिले नाहींत. कीलहॉर्न १८६६ सालीं पुण्यास आले. परिभाषेंदुशेखरासारख्या ग्रंथाची त्यांची आवृत्ति व भाषांतर अनंतशास्त्री पेंढरकर यांच्यासारख्या शास्त्र्यांपाशीं बसून केलेल्या अध्ययनाचें फळ आहे. नव्या कॉलेजांत ओसरी शिल्लक राहिली होती ती अशा एकदोन खोल्यांतून.

काढून घेतलेली पायरी म्हणजे मध्यें उतरण्याची. विद्यापीठानें 'नापास' हा शब्द मराठींत रूढ केला. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गावर थांबलेला मुलगा पूर्वीं जोशी होत असे. आतां प्रीव्हियसला अडलेला मुलगा 'प्रीव्हियस-नापास' झाला, आणि हें बिरूद त्याच्या नांवामागें आयुष्यभर राहिलें. त्यानें दोन वर्षांत जें शिकलें तें शून्य धरलें गेलें. आम्हीं जन्मभर शाळेंत शिकविलें. निकालाच्या कागदावरील त्या रिकाम्या रकान्यांत मुलाची किती विद्या गडप होते हें शिक्षकास जितकें दिसतें तितकें निकाल लावणारास दिसत नाहीं.

आतां रेषेच्या अलीकडे येऊं. जालन्याच्या मुलास पुण्याच्या या घडामोडींचा लाभ, घरचें पाठबळ असेल तरच, परमुलुखांत जाऊन घेतां येई. निजामाच्या राज्यांत फारसीच्या जागीं उर्दू १८८० नंतर दरबारी भाषा झाली. हैदराबादचें निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठास जोडलेलें व इंग्रजी माध्यमाचें होतें. १९१७ सालीं अकबर हैदरी यांच्या निवेदनावरून विद्यापीठाचें फर्मान निघालें आणि १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. त्या निवेदनामागील विचार आजही वाचनीय आहे. परभाषा शिकण्यांतच विद्यार्थ्याची सगळी शक्ति खर्च होते, स्मरणशक्तीवर भार पडतो, बुद्धि स्वतंत्र होत नाहीं. म्हणून उच्च शिक्षण देशी भाषेंतून द्यावें. हें निदान अगदीं अचूक होतें. सर्व शास्त्रें देशी भाषेंतून शिकविणारें हिंदुस्थानांतील हें पहिलें आधुनिक विद्यापीठ, आणि त्यासाठीं उभारलेल्या भाषांतरखात्यानें, दारुल्-तर्जुम्यानें, परिभाषेचें जें काम केलें त्याची बरोबरी त्या काळीं मराठींतही झाली नव्हती. कोशप्रिय वाचकांनीं या गोष्टीचा योग्य तो मान राखावा.

परंतु औषध रोग्यास न देतां शेजाऱ्यास दिलें. राज्यांत ज्यांची मातृभाषा उर्दू असे लोक सुमारें एक दशांश; तेलुगु भाषिक जवळजवळ निम्मे, मराठी चतुर्थांशाच्या आसपास, उरलेले बहुतेक कानडी. परभगण्यांतील मराठी मुलास आतां एकाऐवजीं दोन परभाषा झाल्या. विज्ञान, इतिहास, गणित उर्दूंतून, आणि इंग्रजी आवश्यक विषय म्हणून वेगळी. मराठी हा शिकण्याचा एक विषय राहिला, शिकण्याचें साधन राहिलें नाहीं. ज्या तर्कानें उर्दू विद्यापीठ निघालें त्याच तर्कानें मराठी, तेलुगु व कानडी विद्यालयें निघावयास हवीं होतीं. तीं राज्यानें काढलीं नाहींत. तें काम औरंगाबादचें सरस्वती भुवन, अंबाजोगाईचें योगेश्वरी अशा खासगी शाळांवर पडलें. शिकण्याची भाषा आणि मनांतली भाषा यांतील हा ताण नोव्हेंबर १९३८ मध्यें निराळ्या रूपानें बाहेर आला. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली, मुलें उठलीं, चळवळ हैदराबादेस पोहोंचली, आणि शेंकडों विद्यार्थी विद्यापीठांतून काढले गेले. नागपूर विद्यापीठानें त्यांतील पुष्कळांस आपलें दार उघडलें, म्हणून त्यांच्या पोथ्या अपुऱ्या राहिल्या नाहींत.

१९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राजवट संपली, आणि उस्मानियाचें माध्यम पुढें इंग्रजी झालें. १९५० सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस कॉलेज काढलें, तेंच पुढचें मिलिंद महाविद्यालय. वर आम्हीं म्हटलें कीं उघडें दार पुरत नाहीं, राहावयास जागा लागते. त्या वाक्याचें प्रमाण पाहावयाचें असेल तर मिलिंदच्या परिसरांतील वसतिगृहें पाहावीं. ज्यांच्या आजाच्या घरीं रूपावलीचें एक पानही नव्हतें, अशीं मुलें तेथून पदवी घेऊन निघालीं. १८३७ सालच्या विश्रामबागेच्या ठरावांत जें एक वाक्य होतें, तें खरें व्हावयास एकशें तेरा वर्षें लागलीं. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें आणि त्याच वर्षीं जालन्यांत जालना एज्युकेशन सोसायटीचें महाविद्यालय निघालें. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो त्यानंतर, १ मे १९८१ रोजीं.

अलीकडे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें, महाविद्यालयांत मध्यें उतरण्याच्या पायऱ्या पुन्हा बसविल्या आहेत. एका वर्षानें थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनीं पदविका, तीन वर्षांनीं पदवी. आणि पुन्हा येऊन पुढें शिकण्याची मुभा. कित्येकांस ही कल्पना परदेशी वाटते. गोदाकांठच्या पोथ्या चाळलेल्या मनुष्यास ती ओळखीची वाटेल. मात्र जुन्या पायरीखालीं जमीन होती. अमरकोशावर थांबलेल्यास गांवांत जोशीपण मिळत असे. एका वर्षाच्या प्रमाणपत्राखालीं अंबड-परतुरांत कोणतें काम आहे, हें ज्यांनीं पायऱ्या बांधल्या त्यांनींच दाखवावयाचें आहे.

असो. पाठशाळेच्या पोथ्यांचें काय झालें, हें संग्राहकांस अर्थातच जाणून घ्यावयाचें असेल. विश्रामबागेंतील संग्रह सरकारी हस्तलिखितांत मिळाला, डेक्कन कॉलेजांत राहिला, आणि १९१८ सालीं सरकारी संग्रहाबरोबर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाला. तेथील याद्यांत 'विश्राम' या संकेतानें त्या पोथ्या आजही ओळखतां येतात. त्या पाहणारांनीं ग्रंथनामाबरोबर शेवटचें पान पाहावें, अशी आमची विनंति आहे.

आणि ज्यांच्या संग्रहीं मराठवाड्यांतील पोथ्या असतील त्यांनीं नोंद करतांना 'अपूर्ण' एवढ्यावर न थांबतां पुढील गोष्टी लिहून ठेवाव्या. पोथी खंडित आहे कीं लेखन थांबलेली आहे. थांबली असल्यास कोणत्या प्रकरणांत, कोणत्या सूत्रावर वा श्लोकावर. शेवटचें पान किती कोरें आहे. समासांत अनध्यायाच्या, तिथींच्या खुणा आहेत काय. आणि त्याच घरांत त्याच हातचें दुसरें कांहीं, पंचांगाचें टिपण, मुहूर्ताची यादी, देण्याघेण्याचा कागद, सांपडतो काय. एका घरांत आम्हांस पंचसंधीच्या अखेरीस थांबलेली कौमुदी मिळाली, व तिच्याच कोऱ्या राहिलेल्या पानांवर, तेंच अक्षर थोडें पोक्त होऊन, गांवांतील लग्नांचे मुहूर्त ओळीनें मांडलेले होते.